किती किलो उतरले, कोणत्या मापाने?

ठाण्यात घोडबंदर रोडवर असो वा खाडीपलीकडे वाशीत, वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘स्लीव्ह करू की बायपास, जास्त किलो कशाने उतरतील?’ हाच असतो. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून नळीसारखा अरुंद भाग ठेवतात, तर बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याला जोडून येणारे आकडे कसे तयार झाले हे ठाऊक नसेल तर उत्तर फसवे ठरते.

१९५४ मध्ये अमेरिकेत क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. तिने वजन झपाट्याने उतरले. मात्र जुलाब, मूतखडे आणि यकृताचे विकार मागे लागल्याने पुढे ती सोडून द्यावी लागली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन वाढत नाही, या निरीक्षणातून आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात गॅस्ट्रिक बायपास आणला. स्लीव्हचा जन्म तर एका दोन टप्प्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून झाला. २००० च्या सुमारास तेवढ्यावरच अनेकांचे वजन पुरेसे उतरू लागले आणि ती स्वतंत्रपणे होऊ लागली.

तुलनेचा खरा घोळ मापाचा आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात दहा वर्षांनी बायपासवाल्यांचे वजन मूळ वजनाच्या सुमारे २५ टक्के, तर बँडवाल्यांचे (जठराभोवती पट्टा बसवलेल्यांचे) १४ टक्के कमी होते. फिनलंडमधील २४० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी बायपासचा आकडा ५७ आणि स्लीव्हचा ४९ टक्के आला. पण ही घट फक्त ‘जादा’ वजनातली. समजा, १६१ सेंटिमीटर उंचीच्या एखाद्या बाईंचे वजन १२० किलो आहे आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २५ धरून त्यांचे योग्य वजन ६५ किलो येते. त्यांचे ३३ किलो उतरले, तर ती जादा वजनाची ६० टक्के आणि एकूण वजनाची साडेसत्तावीस टक्के घट होते. जाहिरातीत यांपैकी कोणता आकडा छापला जाईल, हे सांगायला नको.

म्हणून टक्केवारी ऐकताच ‘कशाची, आणि किती वर्षांनंतरची?’ असे डॉक्टरांना विचारावे. छातीतली जळजळ आधीपासून असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते. बायपासनंतर लोह आणि बी-१२ नीट शोषले जात नाही, त्यामुळे त्यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच कमी असते.