नवा टॅबलेट जाहीर झालाय, घ्यायचा का?

कुठल्याही मोठ्या कंपनीने नवा टॅबलेट जाहीर केला, की दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे विचारणा सुरू होते. बहुतेकांनी सोहळ्याचा व्हिडिओ पाहिलेला असतो, दोन-चार जणांचे पहिले अभिप्राय वाचलेले असतात आणि मन जवळपास ठरलेलं असतं. पैसे भरण्याआधी या गोष्टी जरूर पाहून घ्या, म्हणून हे माहितीपत्रक.

पहिले अभिप्राय देणाऱ्याने तो टॅबलेट बहुतेक वेळा सोहळ्याच्या दालनात, गर्दीत, दहा-पंधरा मिनिटं हातात घेतलेला असतो. तेवढ्या वेळात वजन कळतं, पडदा कसा दिसतो ते कळतं, बोट फिरवल्यावर अडखळतो का ते कळतं. या बाबतीत त्याच्यावर खुशाल विश्वास ठेवा. बॅटरी दिवसभर पुरते का, तासभर व्हिडिओ कॉल केल्यावर पाठ किती तापते, तीन वर्षांनी काय अवस्था होते, हे मात्र त्याला सांगता येणं शक्यच नसतं.

पहिला आयपॅड २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर झाला. हा तर नुसता मोठा केलेला फोन, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. कॅमेरा नाही, यूएसबी नाही, फ्लॅश (तेव्हा वेबसाइटवरचे व्हिडिओ आणि खेळ ज्यावर चालत ते सॉफ्टवेअर) चालत नाही, या तक्रारी खऱ्याच होत्या. तरीही लोकांनी तो घेतला आणि बाकीच्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. एचपी कंपनीच्या टचपॅड नावाच्या टॅबलेटचं उलट झालं. फेब्रुवारी २०११ मध्ये तो दाखवला तेव्हा उघडी ॲप्स पत्त्यांसारखी सरकवण्याची त्याची पद्धत अनेकांना आवडली होती. जुलैत विक्री सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये, सात आठवड्यांच्या आत, कंपनीने तो बंद केला. त्यावर चालणारी ॲप्स मोजकीच होती. म्हणून टॅबलेट कितीही देखणा वाटला, तरी तुमच्या रोजच्या कामाची ॲप्स त्यावर आज मिळतात का, हे आधी पाहा. "लवकरच येतील" या शब्दावर खरेदी करू नका.

जे सांगितलं जात नाही, ते विचारा

सोहळ्यात जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात, रंगांची नावं सांगतात. टॅबलेटचं आयुष्य ज्यावर ठरतं ते आकडे पुष्कळदा मागे राहतात. पहिल्या आयपॅडमध्ये रॅम, म्हणजे चालू ॲप्स ज्यात राहतात ती मेमरी, २५६ एमबी होती. जाहीर करताना कंपनीने हा आकडा सांगितलाच नव्हता. वर्षभराने आलेल्या आयपॅड २ मध्ये ती ५१२ एमबी झाली आणि प्रोसेसरही दोन गाभ्यांचा (ड्युअल-कोर), म्हणजे जास्त वेगवान आला. परिणाम असा, की पहिल्या आयपॅडचे सॉफ्टवेअर अपडेट आयओएस (आयपॅड ज्यावर चालतो ती प्रणाली) ५ वर, म्हणजे २०१२ मध्येच थांबले आणि आयपॅड २ ला २०१५ मध्ये आलेलं आयओएस ९ सुद्धा मिळालं. दोघांच्या पडद्याचा आकार तोच, ९.७ इंच. दुकानात शेजारी शेजारी ठेवले असते, तर हा फरक कुणाला दिसला असता?

म्हणून रॅम किती आणि अपडेट किती वर्षं, हे दोन प्रश्न आधी विचारा. अपडेटमध्येही दोन प्रकार असतात : नवी आवृत्ती आणि केवळ सुरक्षेचे अपडेट. वर्षं मोजताना ती टॅबलेट बाजारात आल्या दिवसापासून धरतात की तुम्ही घेतल्या दिवसापासून, तेही विचारा. वर्षभर जुनं मॉडेल घेणाऱ्याचं तिथे वर्ष गेलेलं असतं.

काच फुटली तर

हा प्रश्न नव्या टॅबलेटच्या उत्साहात कुणी विचारत नाही, आणि आमच्याकडे ग्राहकांना सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं. काही टॅबलेटमध्ये वरची काच वेगळी आणि खालचा डिस्प्ले वेगळा असतो, मधे हवेची बारीक फट असते. बाकीच्यांत दोन्ही एकमेकांना चिकटवलेले असतात. याला लॅमिनेटेड डिस्प्ले म्हणतात. चिकटवलेला दिसायला नक्कीच चांगला. प्रकाशाचं परावर्तन कमी होतं आणि पेनाचं टोक जिथे टेकवावं तिथेच रेघ उमटते. चित्रं काढणाऱ्याने तोच घ्यावा, असं आम्ही स्वतःहून सांगतो. पण पडला आणि काच तडकली, की सहसा नुसती काच बदलून भागत नाही. पूर्ण कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्रच, बदलावा लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो. लहान मुलांच्या हाती द्यायचा असेल, तर वेगळी काच असलेला साधा टॅबलेट आणि कडा झाकणारं जाड कव्हर, हीच आमची शिफारस.

बॅटरीचंही तसंच. ती बहुधा आत गोंदाने चिकटवलेली असते आणि वापरासोबत तिची क्षमता घटणारच. तिचा वापर चार्जिंगच्या सायकलमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये मोजतात : पन्नास टक्के दोनदा वापरली, तर एक सायकल धरतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे, की टॅबलेटच्या बॅटरीने ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. तुम्ही कुठेही राहत असाल, तरी विचारण्यासाठी हा चांगला मापदंड आहे.

थोडं आकड्यांबद्दल

इंच तिरके मोजतात, त्यामुळे दहा इंचाचे दोन टॅबलेट सारखे नसतात. लांबी-रुंदीचं प्रमाण ४:३ असलेल्या पडद्याचं क्षेत्रफळ ४८ चौरस इंच भरतं, १६:१० चं सुमारे ४५. वाचनाला आणि कागदपत्रांना पहिला बरा, चित्रपटाला दुसरा. वजनाचा आकडा वाचून अंदाज येत नसेल, तर पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली पंधरा मिनिटं एका हातात धरून बसा. पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा होता, तेवढ्याच पडद्याचा २०१३ चा आयपॅड एअर ४६९ ग्रॅमचा. झोपून वाचणाऱ्याला हा फरक मनगटात कळतो. यूएसबी-सी हे फक्त खाचेचं नाव आहे. आत यूएसबी २ असेल तर वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, काही मॉडेलमध्ये तोच १० गिगाबिट. मोठ्या व्हिडिओ फायली हलवणाऱ्यांनी हे पाहावंच, इतरांनी सोडून दिलं तरी चालेल.

विक्री सुरू झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, म्हणजे रोज वापरणाऱ्यांचे अनुभव हाती येतात. आमच्याकडे याल तेव्हा जुना टॅबलेट सोबत आणा. त्याची बॅटरी किती उरली आहे आणि त्याला अपडेट अजून मिळतात का, ते तुमच्यासमोर तपासू. नुसती बॅटरी बदलून तुमचं काम भागणार असेल, तर आम्ही तसंच सांगू.