काकांचे १,२२५ हात

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीच्या जागरणाला पूर्वी तीन पत्ती रंगायची. अलीकडे भाचेमंडळींनी पोकर आणलाय. पैसे नाहीत, आगपेटीच्या काड्या. (जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा, आईची बंदी त्याहून कडक.)

दुसऱ्या मजल्यावरचे काका समोरच्याकडे रोखून पाहतात आणि जाहीर करतात, "ह्याच्याकडे एक्के आहेत!" दहा वेळा चुकलेलं कोणाला आठवत नाही, एकदा जमलेलं वर्षभर सांगितलं जातं. पोकरचं गणित शिकायचं तर आधी ही सवय मोडावी लागते. समोरच्याचा एकच एक हात ओळखायला जायचं नाही. शक्य असतील तेवढे सगळे हात धरायचे आणि त्याच्या प्रत्येक चालीबरोबर गाळत जायचं.

होल्डेम प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात, मधे टप्प्याटप्प्यानं पाच उघडी पडतात. माझी दोन सोडली तर ५० उरतात. त्यांतून काकांचे दोन पानांचे हात १,२२५ प्रकारे होऊ शकतात.

परवाचाच डाव घ्या. माझ्याकडे दोन राण्या. काकांनी सुरुवातीलाच काड्यांचा ढीग पुढे सरकवला. एवढा जोर ते दोन एक्के, दोन राजे किंवा एक्का-राजा असेल तरच लावतात. (दोन राण्यांवरही लावतात, पण उरलेल्या दोन्ही राण्या त्यांच्याकडे असण्याचा प्रकार एकच, तो सोडून देऊ.) चार एक्क्यांतून दोन निवडायचे प्रकार ६, राजांचेही ६. एक्का-राजा मात्र चार गुणिले चार, म्हणजे १६. मनाला एक्क्यांची जोडी दिसते, पण मोजलं तर माझ्यावर मात करणारे हात १२ आणि माझ्याखालचे १६.

पाचही पानं उघडली. एक्का नाही, राजा नाही, राणी नाही, सरळ क्रम किंवा रंग जुळायचीही सोय नाही. मधे ४० काड्या. काकांनी आणखी २० टाकल्या. मला २० घालून ८० च्या ढिगावर हक्क सांगायचा आहे, म्हणजे चारांत एकदा जरी जिंकलो तरी बरोबरी.

आता खरी मेख. मोठी जोडी असेल तर काका शेवटी काड्या लावणारच, ते १२ हात जसेच्या तसे. नुसत्या एक्का-राजावर मात्र ते चारांतून एकदाच हूल देतात असं धरू. मग १६ चे उरले ४. माझी शक्यता १६ पैकी ४, नेमकी २५ टक्के. खेळलो काय, पॅक केलं काय, सारखंच. काका निम्म्या वेळा हूल देणारे असते तर २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के, आणि मी हसत काड्या टाकल्या असत्या. पानं तीच, फरक फक्त माणसाच्या स्वभावाचा.

पुरावा आला की जुना अंदाज असा वजन करून बदलायचा, हा बेजचा नियम. थॉमस बेज हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. २०१९ मध्ये सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवणारा प्लुरिबस हा प्रोग्राम उलट बाजूचीही काळजी घेतो. आपल्या हातात येऊ शकणाऱ्या प्रत्येक जोडीवर आपण काय खेळलो असतो याचा तो आधी हिशेब मांडतो आणि मगच हातातल्या पानांवर चाल करतो. त्यामुळे त्याच्या चालीवरून त्याचा हात सहज गाळता येत नाही.

माझी अडचण साधी आहे. "चारांतून एकदा" हा आकडा आला कुठून? मी वहीत काकांचे डाव टिपतो. पण वहीत येतात ते उघडे झालेलेच हात. सगळ्यांनी पॅक केलं की पानं दाखवायची सक्ती नसते, आणि जमलेली हूल नेमकी तिथेच लपते.

त्या रात्री मी पॅक केलं. काकांनी दोन्ही पानं पालथीच गड्डीत सरकवली, पिसायला घेतली आणि चहा मागवला. वहीतला तो रकाना कोराच आहे.