माळ्यावरचा स्टो

पावसाळ्याच्या तोंडावर आपत्कालीन पिशवीच्या याद्या फिरू लागतात. टॉर्च, औषधं, पाणी, बिस्किटं, कागदपत्रं. चूल त्यात क्वचितच दिसते. मुंबईच्या घरांत एके काळी दुसरी चूल असायचीच, ती कुणी यादीत लिहीत नसे इतकंच.

चाळीतली सर्वांत साधी चूल म्हणजे भुशाची शेगडी. जुन्या पत्र्याच्या डब्याला खाली बाजूला भोक पाडायचं. त्या भोकातून एक लाटणं आडवं आत सारायचं, त्याच्यावर मधोमध बाटली उभी धरायची आणि भोवती वखारीतला लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली अलगद फिरवत वर ओढायची आणि लाटणं काढून घ्यायचं. खालच्या भोकातून कागद पेटवला की मधल्या नळीतून हवा वर चढते आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो. भुसा सैल भरला तर ढासळतो, ओला असला तर नुसता धुमसतो. ही शेगडी नीट भरता येणं हे कसबच होतं.

पंपाचा स्टो बाहेरून आला. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२च्या सुमारास काजळी न धरणारा ‘प्रायमस’ स्टो बाजारात आणला. टाकीतल्या हवेच्या दाबाने रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून सुटून निळी जळते. म्हणून आधी स्पिरिटने किंवा काकड्याने बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, छिद्र तुंबलं की पिन मारायची. ‘रॉकेल’ हा शब्द रॉक ऑइलवरून आणि ‘घासलेट’ गॅसलाइटवरून आला. दोन्ही शब्द स्वयंपाकघरात असे मुरले की परके वाटेनासे झाले.

या स्टोची काळी बाजू विसरता येणार नाही. ‘स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही ओळ वर्तमानपत्रांत कितीदा छापून आली, आणि प्रत्येक भडका अपघाताचा नव्हता. हुंडाबळींविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्यानंतर १९८३ साली भारतीय दंड विधानात नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं. स्टोची आठवण नुसत्या जिव्हाळ्याने काढणं मला म्हणूनच जमत नाही.

१९५०च्या दशकाच्या मध्यात बर्मा शेल या तेल कंपनीचा ‘बर्शेन’ हा स्वयंपाकाचा गॅस मुंबईत आला. पुढे सिलिंडर घरोघरी पोचले, नंतर पाइपचा गॅस आला. स्टो माळ्यावर गेला आणि रेशनचं रॉकेल हळूहळू नाहीसं झालं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचे सिलिंडर पाण्यात तरंगत होते. आईने माळ्यावरून स्टो काढला, पण पंप हवाच धरेना. चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला होता. तिने तो काढून खोबरेल तेल चोळलं, बोटांनी फाकवला आणि परत बसवला. त्या रात्री एका स्टोवर चार घरांची खिचडी झाली.

आज रॉकेलच नाही, म्हणून छोट्या जुगाडांकडे पाहावं लागतं. त्यांचाही इतिहास जुनाच आहे. पसरट डब्यात खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून बसवायची आणि वरून वितळलेलं मेण ओतायचं: गर्ल गाइडच्या शिबिरांतली ही शेगडी, पुठ्ठा वात आणि मेण इंधन. जर्मनीत एरिक शुम यांनी १९३६ साली ‘एस्बिट’ ही हेक्झामाइनची जळती वडी आणली. लग्नाच्या जेवणात भांड्याखाली ठेवतात ती जेलीची डबी म्हणजे घट्ट केलेलं स्पिरिटच. वजनाला हलकी आणि सांडत नाही, म्हणून पिशवीसाठी मला हीच सर्वांत योग्य वाटते. सुट्या स्पिरिटची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. विझली समजून वरून ओतलं की हात भाजतो.

यांतलं काहीही बंद खोलीत पेटवायचं नाही. कोळशाची शेगडी तर मुळीच नाही, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पूर्वी चाळीत शेगडी आधी बाहेर गॅलरीत पेटवत, धूर सरल्यावरच आत घेत. आता गॅलऱ्या काचा लावून खोलीत घेतल्या आहेत. तेव्हा पिशवी भरताना डबीबरोबर ती कुठे पेटवणार, गच्चीत की जिन्याच्या उघड्या टप्प्यावर, तेही शेजाऱ्यांशी बोलून ठरवून ठेवायला हवं.