साष्टी समन्वेषण

मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटावरील पुरावशेषांची विद्यार्थी आणि हौशी अभ्यासकांच्या गटांनी पायी फिरून केलेली पाहणी व नोंदणी. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग, इन्स्टुसेन (इंडिया स्टडी सेंटर) ही संस्था आणि साठ्ये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग यांच्या सहकार्याने 2015 च्या सुमारास हे काम सुरू झाले. कुरुष दलाल, सूरज पंडित, मुग्धा कर्णिक हे त्याच्याशी निगडित अभ्यासक.

साष्टी हे नाव संस्कृत ‘षट्षष्टि’ (सहासष्ट) यावरून आले, हे मत सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते. उत्तर कोकणातील शिलाहार घराण्याचा राजा दुसरा अपरादित्य याच्या परळ येथील शिलालेखात (इ. स. 1187 च्या सुमारास) माहवली गाव षट्षष्टीतील असल्याचे म्हटले आहे, हे गाव बहुधा आजचे माहूल. लेखाचे शकवर्ष काहींनी 1108, तर काहींनी 1109 वाचले. सहासष्ट ही प्रत्यक्ष गावांची गणती होती की महसुली विभागाचे रूढ नाव, याविषयी मतभेद संभवतो. गोव्यातील साष्टीचीही हीच व्युत्पत्ती सांगतात. दोन्हीकडे नेमकी सहासष्टच गावे असणे अवघड, त्यामुळे दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो.

उत्खननाला परवाना लागतो. समन्वेषणात खणायचे नसते; जे उघड्यावर आहे ते पाहायचे, मोजायचे, छायाचित्र घ्यायचे आणि ठिकाण नकाशावर नोंदवायचे. गट गावठाणे, कोळीवाडे, पाडे, जुन्या विहिरी व तलावांचे काठ पालथे घालतात. खापरे, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), गद्धेगाळ (दान मोडणाऱ्यास शाप देणाऱ्या, गाढवाचे चित्र कोरलेल्या शिळा), मंदिरांचे सुटे दगड, पोर्तुगीजकालीन क्रूस असे अवशेष त्यांना आढळतात. खरी अडचण ओळखण्याची असते. शेंदराचे वा तैलरंगाचे थर चढलेला वीरगळ गावदेवीच्या शेजारी देव म्हणूनच पुजला जातो, आणि रस्तारुंदीत तो एकदा हलला की मूळ जागा केवळ वृद्धांच्या आठवणीत उरते. म्हणून दगडाइतकीच त्याविषयीची विचारपूस महत्त्वाची ठरते.

बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळ बऱ्याच आधीपासून ज्ञात आहेत. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटिअरमध्ये सहा शिळांचे वर्णन येते. काहींवर वल्ह्यांच्या युद्धनौका कोरल्या आहेत. ही लढाई कोणती? एक मत ती माळव्याचा परमार राजा भोज याच्या कोकण मोहिमेशी (इ. स. 1020 च्या आसपास) जोडते. दुसरे मत यादव महादेव व शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातील संघर्षाशी (सु. 1265). सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत सूचित आहे. नौदृश्ये पाहता हे मत अधिक जवळचे वाटते. मात्र स्पष्ट वाचता येईल असा लेख शिळांवर नसल्याने कालनिश्चिती शैलीवरच अवलंबून राहते.

कान्हेरी, महाकाली (कोंडिविटे), जोगेश्वरी, मंडपेश्वर, मागाठाणे या लेण्यांवर पूर्वीच विपुल लेखन झाले आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात अलीकडे आणखी सात लेणी नोंदवली गेली. त्यांची साधी घडण आणि पाण्याच्या टाक्यांचा अभाव यांवरून ती कान्हेरीतील बऱ्याच लेण्यांहून जुनी असावीत, वर्षावासासाठी (भिक्खूंच्या पावसाळ्यातील मुक्कामासाठी) वापरली जात असावीत, असा तर्क मांडला गेला. टाकी नसणे हे मात्र प्राचीनतेचे एकमेव गमक मानता येत नाही.

अश्मयुगाचा मागही पायी फिरूनच लागला होता. नौदल अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी कांदिवलीतील खाणींच्या थरांतून दगडी हत्यारे गोळा केली आणि त्यांवरील लेख 1939 मध्ये प्रसिद्ध केला. किनाऱ्यालगतच्या सूक्ष्मास्त्रांवर (अगदी लहान दगडी हत्यारांवर) 1950 मध्ये दुसरा आला. एस. सी. मलिक यांनी 1959 मध्ये या सामग्रीचा पुन्हा विचार केला. टॉड यांची थरमांडणी आज जागेवर पडताळणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्या परिसरावर वस्ती उभी राहिली.