गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, तर ऑपरेशन कोणतं?

(आमच्या लॅबमधून बायोप्सीचा रिपोर्ट नेणाऱ्यांसाठी. राजारामपुरी, कोल्हापूर)

रिपोर्टमध्ये ‘कार्सिनोमा’ (म्हणजे कॅन्सर) शब्द दिसला की काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: “मग पिशवी काढली की झालं ना?” कागलहून आलेल्या ताई असोत की शहरातल्या वहिनी, प्रश्न तोच. आमचं उत्तरही ठरलेलं आहे. स्टेज कळल्याशिवाय कुणाकडूनही पिशवी काढून घेऊ नका. गाठ खोल गेलेली असताना नेहमीसारखी पिशवी काढली, तर शेजारचा भाग आणि लिम्फ नोड्स (लसगाठी) आतच राहतात. मग दुसरं अवघड ऑपरेशन करावं लागतं किंवा शेक (रेडिएशन) घ्यावा लागतो. आठ-पंधरा दिवस तपासण्यांत गेले तर चालतील, ही चूक मात्र महागात पडते.

स्टेज ठरते मिलिमीटरवर. कॅन्सर ३ मिमीपर्यंतच खोल असेल तर ती १ए१, ३ ते ५ मिमी असेल तर १ए२. त्याहून खोल, पण गाठ २ सेंमीपर्यंत असेल तर १बी१, आणि २ ते ४ सेंमी असेल तर १बी२. त्यासाठी डॉक्टरांची आतून तपासणी आणि बहुतेक वेळा एमआरआय लागतो.

१ए१ मध्ये, रक्तवाहिन्या-लसवाहिन्यांत पेशी शिरलेल्या नसतील, तर तोंडाचा शंकूसारखा तुकडा काढणं (कोनायझेशन) पुरेसं ठरू शकतं. आणखी एक अट, तुकड्याच्या कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सर नसलेल्या हव्यात. पिशवी राहते, मूल होऊ शकतं. मुलंबाळं झालेल्या बाईला साधी हिस्टरेक्टॉमीही (नेहमीसारखी पिशवी काढणं) चालते.

पुढच्या टप्प्यांत, १बी२ पर्यंत, नेहमीचं ऑपरेशन म्हणजे रॅडिकल हिस्टरेक्टॉमी: पिशवी, तिच्या बाजूचे पदर, योनीचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातले लिम्फ नोड्स. तरुण बाईचे अंडाशय बऱ्याचदा ठेवता येतात, त्यामुळे पाळी गेल्यानंतरचे त्रास एकदम सुरू होत नाहीत. लघवीची नळी मात्र काही दिवस ठेवावी लागते. नोड्स काढल्यावर पायाला सूज येऊ शकते, हे आधीच विचारून ठेवा.

गाठ २ सेंमीपर्यंत असेल आणि मूल हवं असेल, तर ट्रॅकेलेक्टॉमीबद्दल विचारा. यात फक्त तोंड आणि बाजूचा भाग काढून पिशवी ठेवतात. पुढे गर्भ राहिला तर दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपणाचा धोका असतो आणि सिझेरियन करावं लागतं. हे ऑपरेशन सगळीकडे होत नाही. अनुभवी कॅन्सर सर्जनच गाठा, मग पुणे-मुंबईला जावं लागलं तरी.

“दुर्बिणीनं करू, लवकर घरी जाल,” असं कुणी म्हटलं तर थोडं थांबा. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात रॅडिकल हिस्टरेक्टॉमीनंतर साडेचार वर्षांनी आजार न परतलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या गटात ८६ टक्के. म्हणून या ऑपरेशनला पोट उघडणंच योग्य मानतात. उलट २०२४ मध्ये दिसलं की गाठ २ सेंमीपर्यंत, खोली कमी आणि नोड्स तपासलेले असतील, तर साधी हिस्टरेक्टॉमीही रॅडिकलइतकीच चालते, लघवीचे त्रासही कमी होतात. पण तो निर्णय तपासण्यांनंतरचा.

गाठ ४ सेंमीहून मोठी असेल तर ऑपरेशनपेक्षा किमो आणि शेक बरा. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये नोड्समध्ये, कडेला किंवा बाजूच्या पदरात कॅन्सर निघाला, तरी तोच उपचार जोडतात. म्हणून तो रिपोर्ट नीट जपा.

खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. या योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं येतात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइडही (काचपट्टी) न्या. ते तुमचेच आहेत. येताना जुनी पावती आणा; हरवली असेल तर नाव आणि साधारण महिना सांगा, आम्ही शोधून देऊ.