खानापुरातला पाऊस आणि कंटेनरच्या खिडक्या

जूनमध्ये खानापूर तालुक्यात पाऊस लागला की वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. तिथल्या एका गावच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे, ४ जीबी मेमरीचा. कपाटांतली मराठी आणि कन्नड पुस्तकं, कुणी काय नेलं, कधी परत आणलं, ही सगळी नोंद आता त्याच्यावर असते. ते काम मी बेळगावातून जाऊन-येऊन करून दिलं. त्यात ज्या चुका केल्या, त्यांतूनच हा लेख निघालाय.

त्या संगणकावर दोन प्रोग्राम चालतात. एक नोंदी साठवणारा डेटाबेस, पोस्टग्रेस. दुसरा पुस्तकांची यादी ब्राउझरमध्ये दाखवणारा. दोघांनाही आपापल्या आवृत्तीची पूरक साधनं लागतात आणि एकाची आवृत्ती दुसऱ्याला चालतेच असं नाही. एका चुलीवर दोन जावांचा स्वयंपाक. म्हणून दोघांना वेगवेगळ्या कंटेनरमध्ये ठेवलं.

कंटेनर समजावताना बंदरातल्या लोखंडी पेट्यांचं उदाहरण द्यायची पद्धत आहे. आमच्या बेळगावात बंदर नाही, पण उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत. तिथे पॅटर्न एकदाच बनतो. त्याचा वाळूत ठसा घेऊन हवे तेवढे भाग ओतायचे. एखादा भाग तडकला तरी पॅटर्नला काही होत नाही. सॉफ्टवेअरमधली ‘इमेज’ म्हणजे तो पॅटर्न आणि त्यावरून ओतलेला, चालू असलेला नग म्हणजे कंटेनर. नग मोडून टाकला तरी त्याच इमेजवरून दुसरा काही सेकंदांत उभा राहतो.

पण कंटेनर म्हणजे संगणकाच्या आतला दुसरा संगणक नव्हे. ही गैरसमजूत मी इंजिनीअरिंगच्या पोरांतही पाहिली आहे. लिनक्सवर कंटेनर हा एक साधा चालू प्रोग्रामच असतो, फक्त त्याला चारी बाजूंनी भिंती घातलेल्या असतात. भिंतीआडून तो स्वतःला पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया समजतो. बाहेरून यादी काढली तर तोच प्रोग्राम भलत्याच क्रमांकाने इतरांच्या रांगेत बसलेला सापडतो. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, सगळ्यांचा एकच. कल्पना तशी जुनी आहे. १९७९ च्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ आलं आणि प्रोग्रामला फायलींच्या झाडाची एकच फांदी दाखवता येऊ लागली. पुढे लिनक्समध्ये ‘नेमस्पेस’ आल्या. त्या प्रोग्रामला काय दिसावं ते ठरवतात. २००८ च्या सुरुवातीला ‘सीग्रुप’ कर्नलमध्ये दाखल झाले. त्याने किती खावं ते हे ठरवतात. हे सगळं होतंच, पण हाताळायला किचकट. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायथॉन भाषेच्या पायकॉन परिषदेत डॉकर हे कंटेनर चालवायचं साधन दाखवलं आणि त्या किचकटपणाची एका ओळीची आज्ञा झाली.

ती ओळ अशी. इथे देवनागरीत लिहितो. यंत्रावर रोमन अक्षरांतच टंकावी लागते:

डॉकर रन -डी --नेम सूची -पी ८०८०:८० यादी-पान

‘यादी-पान’ हे इमेजचं नाव. ‘-डी’ म्हणजे पडद्यामागे चालू राहा, माझी खिडकी अडवू नकोस. ‘--नेम’ने कंटेनरला नाव मिळतं, दिलं नाही तर डॉकर आपणच काहीतरी विचित्र जोडनाव ठेवतं. अशा रेघेच्या सूचनांना पर्याय म्हणतात. एक आडवी रेघ एकाक्षरी पर्यायाला, दोन रेघा पूर्ण शब्दाला. काही एकाक्षरी पर्याय एकाच रेघेत जोडूनही लिहिता येतात.

आता क्रमाबद्दल. ‘रामाने रावणाला मारलं’ आणि ‘रावणाला रामाने मारलं’, अर्थ तोच, कारण कोण कोणाला हे विभक्ती सांगते. कन्नडातही तसंच. पर्यायांच्या पुढच्या रेघा ही त्यांची विभक्ती. ‘-डी’ आधी की ‘--नेम’ आधी, काही फरक पडत नाही. पण इमेजचं नाव आलं की वाक्याची हद्द संपली. त्याच्यानंतर लिहिलेलं काहीही डॉकर वाचत नाही, ते आतल्या प्रोग्रामच्या हातात जातं. मी एकदा ‘-पी’ शेवटी लिहिलं. चूक दाखवणारा जो संदेश आला तो डॉकरचा नव्हताच, आतल्या प्रोग्रामचा होता आणि त्याला या ‘-पी’शी काही देणंघेणं नव्हतं. अर्धा तास त्यात गेला.

बहुतेक पर्यायांचं काम एकाच प्रकारचं आहे. कंटेनर जन्मतो तो बंद खोली म्हणून. तिच्यात कुठे खिडकी पाडायची आणि कुठे भिंत आणखी आत सरकवायची, एवढंच आपण पर्यायांतून सांगतो.

‘-पी ८०८०:८०’ ही पहिली खिडकी. आतला प्रोग्राम ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या क्रमांकित दारावर, ऐकत बसलेला असतो, पण वाचनालयातल्या दुसऱ्या संगणकाला तिथवर वाट नसते. डावा आकडा बाहेरचा, उजवा आतला. हे उलटं लिहिणारे पुष्कळ. काही सांगितलं नाही तर ही खिडकी संगणकाच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर उघडते. लिनक्सवर तर ‘यूएफडब्ल्यू’ फायरवॉलने बंद केलंय असं वाटणारं पोर्टही डॉकर आपल्या नियमांनी उघडं करून ठेवतं. डेटाबेसला म्हणूनच मी ही खिडकी दिलीच नाही. दोन्ही कंटेनर ‘--नेटवर्क’ पर्यायाने आपण बनवलेल्या एकाच अंतर्गत जाळ्यात ठेवले की ते एकमेकांना नावाने हाक मारू शकतात. बाहेरच्याला डेटाबेस दिसायचं कारण नाही.

दुसरी खिडकी ‘-व्ही’ची, कंटेनरबाहेरचा साठवणीचा कप्पा आत जोडायची, आणि ही मला महागात पडली. कंटेनरमध्ये लिहिलेलं सगळं कंटेनरबरोबरच जातं. पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये एक सोय आहे: तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ती नोंदींसाठी आपणच एक बिननावाचा कप्पा, व्हॉल्यूम, तयार करते. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण तपासणीच्या दिवसांत सवयीने ‘--आरएम’ही लिहीत होतो, काम थांबलं की कंटेनर आपोआप पुसून टाक, असा त्याचा अर्थ. ‘--आरएम’ कंटेनरबरोबर त्याचे बिननावाचे कप्पेही पुसतं. तीच ओळ वाचनालयात तशीच चिकटवली आणि वाचनालयाच्या ताईंनी तीन दिवस बसून केलेल्या नोंदी संगणक बंद करताना गेल्या. ताई काही बोलल्या नाहीत. जाडजूड रजिस्टर पुढ्यात ओढलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. ते मला जास्त लागलं.

आता ओळीत ‘-व्ही नोंदी:’ आणि त्यापुढे आतल्या फोल्डरचा पत्ता असतो. नाव दिलेल्या कप्प्याला ‘--आरएम’ हात लावत नाही.

‘-ई’ ही चिठ्ठी आत सरकवायची फट. पासवर्ड, भाषा, वेळ अशा गोष्टी प्रोग्रामला जन्माच्या वेळी यातून सांगतात. आमच्याकडे दुपारी चारला दिलेलं पुस्तक यादीत सकाळी साडेदहाचं दिसायचं. कंटेनरला दुसरं काही सांगितलं नसेल तर तो सहसा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपल्याहून साडेपाच तास मागे. ‘-ई टीझेड=एशिया/कोलकाता’ एवढं लिहिलं की दुरुस्त होतं, मात्र इमेजच्या आत वेळपट्ट्यांची माहिती असली पाहिजे. अल्पाइन नावाच्या अगदी छोट्या लिनक्सवर बेतलेल्या इमेजमध्ये ती बहुधा वेगळी घालावी लागते.

खिडक्या झाल्या, आता भिंती आत सरकवणं. मेमरीवर कंटेनरला मुळात काहीही मर्यादा नसते. ४ जीबीच्या संगणकावर एका प्रोग्रामला भूक लागली की बाकीचे उपाशी. ‘--मेमरी ५१२एम’ लिहिलं की सीग्रुप हिशेब ठेवायला बसतो. त्या पर्यायाबरोबर स्वॅपचं, म्हणजे मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेचं, काही सांगितलं नाही, तर तेवढंच स्वॅप आणखी वापरायची मुभा असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मर्यादा ओलांडली की कर्नल प्रोग्रामला सरळ मारतो. ‘डॉकर पीएस -ए’ने मेलेल्यांसकट यादी काढली तर शेजारी १३७ हा आकडा दिसतो. १२८ अधिक ९. ९ हा ‘किल’ संकेताचा क्रमांक. अर्थात १३७ दिसला म्हणजे मेमरीच संपली असंही नाही. ‘डॉकर स्टॉप’ आधी सभ्यपणे थांबायला सांगतं, दहा सेकंद वाट बघतं आणि तरी ऐकलं नाही तर तोच ९ क्रमांक वापरतं. खरं कारण ‘डॉकर इन्स्पेक्ट’ सांगतं.

विजेसाठी ‘--रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड’. वीज आली, संगणक सुरू झाला की कंटेनर आपणहून उठतो. तुम्ही मुद्दाम थांबवलेला असेल तर नाही. हा पर्याय आणि ‘--आरएम’ एकत्र लिहिले तर डॉकर ओळच नाकारतं. एकाला जिवंत ठेवायचंय, दुसऱ्याला पुसायचंय, दोघांचं कसं जमणार? वीज आल्यावर संगणकानेच आपोआप सुरू व्हायचं असेल तर ते बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये, सांगावं लागतं. त्यासाठी मला पावसातून एक खास फेरी मारावी लागली.

‘--प्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय काही अडलं की लोक एकमेकांना औषधासारखा सुचवतात. तो खिडकी पाडत नाही, जवळजवळ सगळी भिंतच पाडतो. असल्या ओळी मी तशाच्या तशा चिकटवायला धजत नाही.

शेवटचा धडा यंदाच्या पावसाळ्याआधीचा. मेमरी, सीपीयूचा वाटा आणि रीस्टार्टचा नियम चालू कंटेनरवरही ‘डॉकर अपडेट’ने बदलता येतो. पोर्ट आणि कप्पे मात्र जन्माच्या ओळीत ठरले ते ठरले. बदलायचे तर कंटेनर पुसून नव्या ओळीने पुन्हा ओतायचा. कप्प्याला नाव असल्यामुळे आता नोंदींची भीती नव्हती. म्हटलं, ८०८० च्या जागी नुसतं ८० करूया, म्हणजे ब्राउझरमध्ये आकडा लिहावाच लागणार नाही. ओळ टंकली, एंटर दाबणार एवढ्यात मागून ताई म्हणाल्या, ‘‘दादा, थांबा.’’ आणि भिंतीकडे बोट दाखवलं. वाचकांसाठी यादीचा पत्ता त्यांनी ऑइलपेंटने भिंतीवर लिहून घेतला होता, मराठीत आणि कन्नडात, ८०८० सकट.

८०८० तसाच आहे.