शिस्त आणि शिष्ट: एकाचा नेम, दुसऱ्याचा मान

‘शिस्त’ हा शब्द ‘शिष्ट’वरून आला, असं ठामपणे सांगणारी माणसं मराठीत भरपूर आहेत. त्यांना हसावं असं काही नाही, कारण पुरावा त्यांच्या बाजूचा दिसतो. संस्कृतमध्ये ‘शास्’ म्हणजे शिकवणं, आज्ञा करणं, काबूत ठेवणं. त्यावरून शासन, शास्त्र, शिष्य, अनुशासन. त्याच धातूचं भूतकाळवाचक रूप ‘शिष्ट’, म्हणजे ज्याला शिकवलं गेलं, वळण लागलं तो. पाणिनीच्या ‘शास इदङ्हलोः’ (६.४.३४) या सूत्राने ‘शास्’मधल्या ‘आ’चा ‘इ’ होतो, पुढे ‘त’ प्रत्यय लागतो आणि मग ‘स’चा ‘ष’ होऊन ‘शिष्ट’ तयार होतं. गंमत म्हणजे या रूपसिद्धीत क्षणभर ‘शिस् + त’ अशी अवस्था येते. म्हणजे व्याकरणाच्या कारखान्यात ‘शिस्त’ खरोखरच अर्धवट घडलेली पडलेली असते! एवढं पाहिल्यावर कुणाचीही खात्री पटेल.

तरी हे दोन शब्द एका कुळातले नाहीत. ‘शिस्त’ फारसीतून आली. ते ओळखायला कोश उघडायचीही गरज नाही, कान पुरे.

मराठीने संस्कृतचा ‘ष्ट’ वापरून वापरून झिजवला तेव्हा त्याचा ‘ठ’ झाला: मुष्टीची मूठ, अष्टचे आठ, दृष्टीची दीठ. ‘स्त’चंही तसंच. हस्तचा हात झाला, मस्तकाचा माथा झाला. म्हणजे ‘शिष्ट’ लोकांच्या तोंडात झिजला असता, तर त्याला ‘ठ’चा शेवट मिळाला असता, ‘स्त’ होऊन थांबण्याची रीत मराठीत नाही. उलट अखंड ‘स्त’ घेऊन फिरणारे आपले रोजचे शब्द पाहा: बंदोबस्त, दुरुस्त, चुस्त, सुस्त, रास्त, शिकस्त. सगळी फारसी मंडळी. ‘शिस्त’ त्यांच्याच पंक्तीत बसते.

नकाराची तऱ्हाही हेच सांगते. आपण ‘बेशिस्त’ म्हणतो आणि ‘अशिष्ट’ म्हणतो. ‘अशिस्त’ किंवा ‘बेशिष्ट’ कुणाच्या तोंडून येत नाही. (हा नियम काही लोखंडी नाही. ‘शिस्तबद्ध’मध्ये फारसी डोकं आणि संस्कृत धड सुखाने नांदतात.)

आता मूळ फारसी शब्दाकडे. तो आहे ‘शस्त’. आजच्या इराणमध्येही शस्त म्हणजे हाताचा अंगठा. फारसीत साठ या संख्येचा उच्चारही हाच आहे, म्हणून घोटाळा टाळायला ती संख्या वेगळं अक्षर वापरून लिहितात. जुन्या फारसीत शस्त म्हणजे मासे पकडायचा गळही होता, आणि तिरंदाज अंगठ्यात घालतो ती अंगठीसुद्धा.

ही अंगठी नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा अर्थ तिच्यातून निघतो. इराणी, तुर्क, मंगोल आणि मुघल धनुर्धर प्रत्यंचा ओढायचे ती अंगठ्याने. अंगठा दोरीभोवती वाकवायचा, तर्जनीने तो दाबून धरायचा, आणि सोडायच्या क्षणी तर्जनी उचलायची. ताठ धनुष्याची दोरी उघड्या अंगठ्याला कापत जाते, म्हणून त्यावर हाडाची, शिंगाची, धातूची किंवा जेडसारख्या दगडाची अंगठी. शाहजहानची पदवी कोरलेली अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अंगठीवरून ‘शस्त’ हा शब्द बाण सोडण्याच्या पकडीला लागला, पकडीवरून नेमाला, आणि धनुष्यं मागे पडून बंदुका आल्या तेव्हा बंदुकीच्या रोखालाही. उर्दूत ‘शस्त बांधना’ म्हणजे नेम धरणं. हिंदुस्तानी बोलण्यात त्याचा उच्चार ‘शिस्त’ असाही होई, आणि आपल्याकडे आला तो हाच उच्चार. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी कोशांतही ‘शिस्त’पुढे नेम, रोख हा अर्थ सापडतो.

मधल्या काळात या शब्दाचा एक वेगळाच प्रवास झाला, तो मला सगळ्यांत रोचक वाटतो. अकबर बादशहा आपल्या पंथात शिष्य घेत असे. त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याने ‘आइन-ए-अकबरी’त त्या दीक्षेचं वर्णन केलं आहे. रविवारी, सूर्य माथ्यावर असताना, उमेदवार पगडी हातात घेऊन बादशहाच्या पायांवर डोकं ठेवी. बादशहा त्याला उठवी, पगडी परत त्याच्या डोक्यावर ठेवी आणि त्याला एक ‘शस्त’ देई. तिच्यावर ईश्वराचं नाव आणि ‘अल्लाहु अकबर’ ही अक्षरं कोरलेली असत. ही शस्त म्हणजे बहुधा अंगठीच, असं भाषांतरकार ब्लॉकमनचं मत. अबुल फज्ल पुढे जोडतो की शुद्ध शस्त आणि शुद्ध नजर कधी चुकत नाही. तिरंदाजाचा नेम आणि शिष्याची निष्ठा एकाच शब्दात बांधणारं हे वाक्य आहे. जहांगीरनेही आपल्या खास माणसांना शस्त आणि स्वतःची छोटी तसबीर देण्याची चाल पुढे चालवली.

मराठीतली ‘शिस्त’ मुघल दरबारातल्या या दीक्षेतून आली असं मात्र समजू नये. आपल्याकडे ती नेमाच्याच वाटेने आली. पण नेम धरण्यावरून वागण्यातल्या नियमितपणावर उडी कशी पडली? याचं उत्तर मराठीच देते, तेही दुसऱ्या शब्दातून. ‘नेम’ पाहा. तो आला ‘नियम’वरून. नित्यनेम, नेमधर्म, नेमाने येणारा पाहुणा यांत नियमाचा अर्थ तसाच आहे. पण ‘नेम धरला’, ‘नेम चुकला’ म्हणताना तो बंदुकीचा झाला. म्हणजे एक शब्द नियमाकडून रोखाकडे गेला आणि दुसरा रोखाकडून नियमाकडे आला. दोघे वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेले असणार. डोळा, हत्यार आणि लक्ष्य एका रेषेत आणणं, हात न हलू देणं, सुटायची वेळ येईपर्यंत थांबणं: ही क्रिया ज्यांनी केली त्यांना ‘रांगेत, जागच्या जागी, वेळेवर’ हा अर्थ लांबचा वाटला नसेल.

दक्षिणेत तर हा शब्द शेतसाऱ्यापर्यंत पोचलेला दिसतो. तेलुगूत ‘शिस्तु’ म्हणजे जमीनमहसूल. कन्नडमध्ये ‘शिस्तु’ म्हणजे शिस्तही आणि ठरवून दिलेला साराही. कर्नाटकातल्या केळदीचा राजा शिवप्पा नायक (कारकीर्द १६४५ ते १६६०) याने जमिनीचा मगदूर पाहून जी आकारणी बसवली, ती ‘शिवप्पा नायकाची शिस्त’ म्हणूनच ओळखली जाते. पुढे कंपनी सरकारचे अधिकारी कानडा जिल्ह्याचा सारा ठरवायला बसले, तेव्हाही त्यांच्या कागदांत हा शब्द येत राहिला. आपल्या शाळेच्या फळ्यावर ‘शिस्त पाळा’ लिहिणाऱ्या गुरुजींना शिमोग्याकडचा जुना शेतकरी भेटला असता, तर त्याने आधी कमरेची पैशांची थैली चाचपली असती.

‘शिष्ट’चं जग याहून पार निराळं. तिथे हत्यार नाही, रांग नाही. तिथे माणूस आहे. खरा फरक मला इथेच दिसतो. शिस्त ही कृतीची असते, शिष्ट ही पदवी असते.

पतंजलीने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात महाभाष्यात ‘शिष्ट कोण?’ हा प्रश्न विचारला, तो भाषेच्या संदर्भात. व्याकरणात न बसणारे काही शब्द बरोबर कसे मानायचे? शिष्ट तसे बोलतात म्हणून. मग शिष्ट कोण? आर्यावर्तात राहणारे, मडक्यात मावेल एवढंच धान्य साठवणारे (त्याचा शब्द ‘कुम्भीधान्य’), निर्लोभी, काही मिळवायचा हेतू नसताना एखाद्या विद्येत पारंगत झालेले ब्राह्मण. बौधायन धर्मसूत्राची व्याख्याही जवळपास हीच, वर मत्सर नसलेले, अहंकार नसलेले अशी भर. वसिष्ठ धर्मसूत्र एका फटक्यात संपवतं: शिष्ट तो, ज्याचं मन वासनांच्या मागे नाही.

एकीकडे हे सुंदर आहे. प्रमाण भाषा कोणाची, तर ज्याच्या घरात मडकाभर धान्यापलीकडे साठा नाही त्याची! पण त्याच व्याख्येत प्रदेश आणि जात घट्ट बसवलेली आहे, हे न पाहता नुसतं कौतुक करणं मला जमत नाही. शिस्त हवालदारालाही असते आणि हमालालाही. शिष्ट कुणाला म्हणायचं, ते मात्र आधीच शिष्ट ठरलेले ठरवतात.

या शब्दाला आणखी एक मूळ जोडलं जातं. ‘शिष्’ म्हणजे उरणं. त्यावरून शेष, अवशिष्ट आणि उच्छिष्ट. आपलं घरगुती ‘उष्टं’ याच उच्छिष्टातून आलं. मत्स्यपुराण शिष्टांची व्युत्पत्ती इथूनच लावतं: एक मन्वंतर (एका मनूचा काळ) संपल्यावर धर्म सांगायला जे मागे उरतात, मनू आणि सप्तर्षी, ते शिष्ट. व्याकरण म्हणतं शिकवलेले, पुराण म्हणतं उरलेले. रूप एकच असल्यामुळे दोन्ही खपून जातं.

मराठीने या पदवीचं पुढे जे केलं ते खास मराठी आहे. मान ठेवला: शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत. काम दिलं: कौरवांच्या सभेत कृष्ण तह करायला गेला ती कृष्णशिष्टाई, आणि आजही दोन भावांच्या वाटणीत मामा शिष्टाई करतो. आणि शेवटी टोमणाही मारला. ‘ती जरा शिष्टच आहे’ म्हणजे ती सुसंस्कृत आहे असं नव्हे. आपल्यात मिसळत नाही, नाक वर करून असते. ‘शिष्टपणा नको’ हे तर सरळ दटावणं. पतंजलीच्या निर्लोभी पंडिताचा आढ्यताखोर व्हायला दोन हजार वर्षं लागली, पण झाला खरा. ‘शिस्त’च्या वाट्याला असा उपहास आला नाही; फार तर ‘कडक’ हे विशेषण आलं.

वापरताना म्हणून फारसा गोंधळ व्हायचं कारण नाही. शिस्त लावता येते, मोडता येते, बाहेरून लादताही येते. शिष्टपणा लावता येत नाही. संचलनात एक पाऊल न चुकणारी तुकडी सुट्टी झाल्यावर अशिष्ट भाषा बोलू शकते. आणि बोलण्यात अत्यंत शिष्ट असलेले गृहस्थ सभेला तासभर उशिरा येऊन बेशिस्त ठरू शकतात.

‘शास्’ धातूतून आलेला, शिस्तीच्या जागी बसू शकेल असा शब्द हवाच असेल तर तो ‘अनुशासन’. हिंदीने तोच निवडला. मराठीत तो सरकारी आणि संघटनांच्या भाषेत राहिला. आणीबाणीत ‘अनुशासन पर्व’ हे शब्द विनोबांच्या नावावर देशभर भिंतींवर रंगवले गेले. तेव्हा विनोबा वर्षभराच्या मौनात होते. मौन संपल्यावर त्यांनी खुलासा केला तो धातूला धरूनच: शासन सत्ताधाऱ्यांचं, अनुशासन आचार्यांचं. तोवर भिंतींवरचा रंग मात्र वाळला होता.

जाता जाता एकलव्य. द्रोणांनी त्याच्याकडून मागितला तो उजव्या हाताचा अंगठा. महाभारत सांगतं की त्यानंतर तो बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. फारसीत सांगायचं तर गुरूने शिष्याची शस्तच काढून घेतली. शिस्तीचं मूळ ‘शस्त’ आणि ‘शिष्ट’चा भाऊबंद ‘शिष्य’ एकाच प्रसंगात समोरासमोर उभे राहिलेले मला दुसरीकडे कुठे सापडले नाहीत.